थकलेल्या बॅटरीच्या बाजूने

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात सेकंडहँड गाड्यांचा बाजार भलामोठा आहे, पण त्यात म्हातारी गाडी एकही नाही. सगळ्या गाड्या ‘बटर’ असतात. सगळ्या एकहाती असतात, बऱ्याचशा डॉक्टरांनी वापरलेल्या असतात, आणि हे डॉक्टर बहुधा आपल्या दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर राहत असावेत, कारण गाड्या फारशा फिरलेल्याही नसतात. इंजिनाचा आवाज जरा खरखरीत आला तर ‘साहेब, महिनाभर उभी होती ना’ हे उत्तर तयार असतं. बटर गाडी महिनाभर उभी का होती, हे विचारायचं नसतं. या सगळ्या गर्दीत आपलं वय खरं सांगणारी गाडी एकच, जुनी इलेक्ट्रिक. डॅशबोर्डखालच्या पोर्टला हजार-दोन हजारांचं एक यंत्र लावलं, मोबाइलवर ॲप उघडलं, की ती सांगून मोकळी होते : बॅटरी ८२ टक्के उरली आहे. आणि एवढं खरं बोलल्याबद्दल बाजार तिची किंमत पाडतो. शेजारी उभी असलेली त्याच वयाची पेट्रोल गाडी काहीच बोलत नाही, म्हणून तिचा भाव टिकतो. माझं म्हणणं असं की ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणात राहणाऱ्या आणि रात्री गाडीशेजारी एक प्लग मिळू शकणाऱ्या माणसानं ही ८२ टक्केवाली गाडी आनंदानं घ्यावी. ती थकलेली आहे म्हणूनच परवडते, आणि तिच्यात जे उरलं आहे तेवढंही आपल्याच्यानं रोज संपणार नाही.

आधी एक हिशेब. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा तिची बॅटरी होती ३०.२ युनिटची. महावितरणच्या बिलावरचं असतं तेच हे युनिट. किलोवॅट-तास म्हटलं की उगाच दहावीच्या पेपराला बसल्यासारखं वाटतं. एका चार्जमध्ये ही गाडी ३१२ किलोमीटर जाईल असं प्रमाणपत्र तिच्याकडे होतं. प्रमाणपत्र पुण्याच्या एआरएआयचं. पुणेकर सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातात तिथेच ही संस्था आहे, तेव्हा त्यावर वाद घालायची सोय नाही. पण रस्त्यावर ती गाडी कोरी करकरीत असतानाही दोनशे-सव्वादोनशेच जायची. म्हणजे पहिले शंभर किलोमीटर शोरूमच्या दारातच गळाले. ते गेले तेव्हा पेढे वाटले, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पुढे पाच वर्षांत बॅटरीनं आणखी तीस-चाळीस किलोमीटर खाल्ले की मात्र सगळ्या बिल्डिंगमध्ये बोभाटा : ‘तरी मी सांगत होतो, ईव्ही घेऊ नका.’

बॅटरी झिजते हे खरंच आहे. जिओटॅब या कॅनडातल्या कंपनीनं हजारो गाड्यांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये वर्षाला सरासरी २.३ टक्के झीज सांगितली होती, २०२४ मध्ये तोच आकडा १.८ सांगितला. यावर पहिली हरकत येते की त्या गाड्या थंड देशांतल्या, आपल्याकडे एप्रिलमध्ये कल्याणला गाडीच्या बॉनेटवर पापड भाजतील. हरकत रास्त आहे. उन्हानं बॅटरी लवकर म्हातारी होते. निसानची लीफ ही गाडी २०१० च्या अखेरीस आली, तिच्या बॅटरीला पाण्यानं थंड ठेवण्याची सोय नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या मालकांच्या डॅशबोर्डवरच्या बारा रेघांमधली एकेक रेघ विझायला लागली आणि तिकडे मोठा गहजब झाला. पण त्या अनुभवातून शहाणपण आलं. नेक्सॉनच्या बॅटरीला गारवा देणारं द्रव पहिल्यापासून फिरतं, आणि तिच्यात वापरलेलं लिथियम आयर्न फॉस्फेटचं रसायन इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा सोशिक आहे. तरीही उन्हाचं, खड्ड्यांचं आणि पहिल्या मालकाच्या स्वभावाचं मिळून वर्षाला तीन टक्के धरू. पाच वर्षांत पंधरा गेले, पंच्याऐंशी उरले. याच पाच वर्षांत गाडीची बाजारातली किंमत निम्म्यावर आलेली असते. बॅटरी पंधरा टक्के झिजते आणि किंमत पन्नास, या दोन आकड्यांमधली जी पस्तिशी आहे ती निव्वळ भीतीची आहे, आणि ती विकत घेणाऱ्याच्या खिशात पडते.

पहिल्या मालकाच्या स्वभावाचा उल्लेख उगाच केलेला नाही. आपल्याकडे गाडी जपणं म्हणजे ती न वापरणं. सीटवरचं प्लॅस्टिक दोन वर्षं निघत नाही, गाडीवर कव्हर, कव्हरावर दोरी, आणि रविवारी फक्त ‘बॅटरी उतरू नये म्हणून’ बिल्डिंगभोवती एक फेरी. पेट्रोल गाडीच्या बाबतीत हे खपतं. लिथियमच्या बॅटरीला मात्र पूर्ण चार्ज होऊन उन्हात नुसतं उभं राहणं मानवत नाही. ती चालून जेवढी झिजते त्याहून जास्त कधीकधी अशी उभी राहून झिजते. आपला मालक तर टाकी असो की बॅटरी, कायम फुल ठेवणारा. ‘असू दे भरलेली, वेळप्रसंगी लागली तर.’ वेळप्रसंग येत नाही आणि बॅटरी शंभरावर तापत बसते. कंपन्या काही गाड्यांना अधूनमधून शंभर टक्के चार्ज करायला सांगतात, पण ते काटा ताळ्यावर यावा म्हणून. तिथेच मुक्काम ठोकण्यासाठी नाही. तेव्हा ‘पाच वर्षांत फक्त आठ हजार चालली आहे’ हे वाक्य पेट्रोल गाडीच्या जाहिरातीत गुण असलं तरी इलेक्ट्रिकच्या जाहिरातीत सावध व्हावं असं आहे. रोज चाळीस किलोमीटर चाललेली, रात्री हळूहळू चार्ज झालेली, जरा ओरखडे पडलेली गाडी शोधावी. तिच्या मालकानं तिला जपलं नाही, हीच तिची जपणूक.

आता प्रश्न आपल्याला लागतं किती याचा. डोंबिवलीहून ठाणं रस्त्यानं वीस-पंचवीस किलोमीटर. कल्याणहून ऐरोली साधारण तेवढंच. ठाण्याहून बांद्रा-कुर्ला संकुल पंचवीस-तीस. जाऊन-येऊन, मध्ये भाजी, मुलीचा क्लास आणि सासुरवाडी धरली तरी दिवसाचे साठ-सत्तर किलोमीटर भरायला नशीब वाईटच लागतं. एका युनिटला सात किलोमीटर धरले तर नव्या नेक्सॉनला दोनशे दहा मिळत होते. बॅटरी ऐंशी टक्क्यांवर आली की एकशे अडुसष्ट. तळाचे पंधरा-वीस टक्के अडीअडचणीला राखून ठेवले तरी एकशे पस्तीस-चाळीस उरतात. म्हणजे एका आड एक रात्री चार्जिंग. वरच्या स्लॅबमध्ये युनिट पंधरा रुपयांना पडलं असं मानलं तरी किलोमीटरला अडीच रुपयांच्या आत. पेट्रोलनं शंभरी कधीच ओलांडली आहे आणि गर्दीत दहा-बाराचं ॲव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला आठ-दहा रुपये घेते. हा हिशेब लोकांना पाठ असतो. तरी गाडी घेताना ते विचारतात, ‘पण समजा एकदम दोनशे किलोमीटर जायचं झालं तर?’ वास्तविक डोंबिवलीकराला एकदम दोनशे किलोमीटर जाण्यापेक्षा एकदम पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणं अवघड गेलेलं आहे. कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये वाहतुकीला बंद झाला तो सप्टेंबर २०२१ मध्ये उघडला. कल्याणचा ब्रिटिशकालीन पत्रीपूल २०१८ मध्ये पाडला, नवा उघडला २५ जानेवारी २०२१ ला. त्या काळात वळसे घालण्यात जेवढे किलोमीटर गेले तेवढे कुठल्याही बॅटरीनं कुणाचे खाल्लेले नाहीत.

आणि आपल्या भागात अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतंच, तासांत मोजायचं असतं. इथे थकलेल्या बॅटरीची बाजू सर्वांत भक्कम आहे. घोडबंदर रस्ता, कापूरबावडी, माजिवडा, कल्याण-शीळ रस्ता. डोक्यावर मेट्रोचे खांब, बाजूला पत्रे, आणि मधल्या उरलेल्या पट्टीत न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेला ट्रेलर. या गर्दीत पेट्रोल इंजिन एसी लावून नुसतं घुरघुरत राहिलं तरी तासाला लिटरभर पेट्रोल पिऊ शकतं. इलेक्ट्रिक मोटार गाडी थांबली की थांबते. वीज खातो तो फक्त एसी आणि थोडी इलेक्ट्रॉनिक सामग्री, मिळून तासाला दीड-दोन युनिट. पुन्हा ब्रेक मारला की थोडी वीज परत बॅटरीत जाते, म्हणजे ज्या हळू, अडखळत्या चालीनं पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज रसातळाला जातं तीच चाल हिला मानवते. पंच्याहत्तर टक्के उरलेल्या बॅटरीत साडेबावीस युनिट असतात. दीड युनिटाच्या हिशेबानं पंधरा तास एसीत बसता येईल. शिळफाट्याला पंधरा तास पुरणार नाहीत अशी शंका घेणारे लोक आहेत, आणि मेट्रो बाराच्या कामाचे पत्रे पाहिले की त्यांना निराशावादी म्हणवत नाही. पण पंधरा तासांनंतरचा प्रश्न बॅटरीचा राहत नाही.

आकडा दिसला की आपण का बिचकतो, हे कोडं आहे. याच पट्ट्यातला माणूस चाळीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट घेतो. महापालिका दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची यादी काढते, तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलेलं आहे, पण घेणारा ऑडिटचा विषय काढत नाही, कारण काढला तर मालक भाव वाढवेल किंवा व्यवहार मोडेल. गिलाव्यातून सळई डोकावत असते, तिच्याखाली उभं राहून तो ‘हवा छान येते’ म्हणतो आणि आयुष्यभराचं कर्ज काढतो. उद्या त्या इमारतीच्या दारावर ‘काँक्रीट : ७१ टक्के’ असा दिवा लावला तर निम्मी डोंबिवली रिकामी होईल. इमारत तीच राहील. बॅटरीला तो दिवा जन्मजात आहे, एवढाच तिचा गुन्हा. पेट्रोल इंजिनाचंही कॉम्प्रेशन उतरतं, पिस्टनच्या रिंगा झिजतात, पाच-सात वर्षांत ॲव्हरेज दोनानं कमी होतं. त्याला आपण ‘पेट्रोलमध्ये भेसळ वाढली हो’ म्हणतो.

यानंतरची हरकत खास आपली, कोकणाची. ‘गणपतीला गावी कसं जायचं?’ हा प्रश्न विचारला की चर्चा संपली असं विचारणाऱ्याला वाटतं. डोंबिवलीहून चिपळूण सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, कणकवली चारशेच्या पुढे. एकशे चाळीसवाली गाडी वाटेत दोनदा-तीनदा चार्जिंगला थांबेल, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री त्या चार्जरपुढे आपल्यासारखेच इतर चाकरमानी मखरासकट उभे असतील. कबूल. त्या रात्री ही गाडी नेऊ नये. पण मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे आणि त्या रस्त्यानं त्या रात्री कुठलीच गाडी नेऊ नये, असं मत पेट्रोलवाल्यांमध्येही आहे. एसटीच्या जादा गाड्या आहेत, कोकण रेल्वेच्या विशेष गाड्या आहेत, त्यांचं आरक्षण मिळत नाही ही वेगळी तक्रार. वर्षातल्या एका रात्रीसाठी उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांची गाडी निवडायची ही आपली जुनी खोड. वर्षातून एकदा येणाऱ्या आत्याच्या कुटुंबासाठी सातजणांची गाडी घेणारे आणि मागची सीट कायम दुमडून तिच्यावर पाण्याचे कॅन ठेवणारे लोक याच कुळातले. पुण्याचं मात्र जमतं. द्रुतगती मार्गावर महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानं इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली आहे. जो टोल वाचला त्याचा वडापाव खाईपर्यंत फूड मॉलला अर्धा-पाऊण तास चार्जिंग होतं. खंडाळ्याचा घाट चढताना टक्के भराभर उतरतात, तेवढ्यापुरतं डॅशबोर्डकडे न बघता बाहेरचं धुकं बघावं.

खरी दमदार हरकत वेगळीच आहे, आणि ती क्वचितच कुणी घेतं. डॅशबोर्डवरचा टक्का आपल्याला वाटतो तो नसतो. थकलेली बॅटरीसुद्धा पूर्ण भरली की शंभर टक्केच दाखवते, कारण तो टक्का आज जेवढी जागा उरली आहे तिचा असतो. विक्रेता ‘साहेब, फुल शंभर दाखवते, बघा’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. काहीच सांगत नाही, इतकंच. शिवाय आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीचा विद्युतदाब भरलेल्या आणि अर्ध्या अवस्थेत जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे आत किती उरलंय याचा अंदाज गाडीच्या संगणकालाही नीट येत नाही आणि मोबाइलवरच्या ॲपचा आकडाही कधीकधी ठोकताळाच असतो. मग खरं कसं कळावं? त्याचं उत्तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टांगलेलं असतं. चार्जिंगच्या विजेचे पैसे वसूल करायला कमिटीनं सबमीटर लावायला लावलेला असतो, आणि या सगळ्या व्यवहारात निःपक्षपाती साक्षीदार तेवढाच. गाडी वीस टक्क्यांपर्यंत उतरवावी. सबमीटरचा आकडा मोबाइलमध्ये टिपावा. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर लावून शंभर होऊ द्यावी आणि सकाळी पुन्हा मीटर वाचावा. नव्या नेक्सॉनच्या ऐंशी टक्क्यांना चोवीस युनिट आत जायला हवेत. वाटेत उष्णतेत जाणारी दहा-बारा टक्के गळती धरून मीटरवर सत्तावीस पडतील. एकवीसच पडले तर आत गेले साधारण पावणेएकोणीस, म्हणजे पूर्ण बॅटरी साडेतेवीसच्या आसपास, म्हणजे सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर टक्के. हे गणित चौथीतलं आहे. फक्त त्यासाठी विक्रेत्यानं गाडी एक रात्र द्यायला हवी, आणि त्यानं नाही म्हटलं तर तेही एक उत्तरच.

या परीक्षेत गाडी उतरवतानाचा भाग विशेष बघण्यासारखा असतो. बॅटरीत शंभरएक सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि त्यातला सर्वांत अशक्त सेल थकला की बाकीच्या नव्व्याण्णवांना थांबावं लागतं. बॅटरीतली ही एकजूट आपल्या सोसायट्यांत दिसत नाही. सगळे सेल सारखे थकलेले असतील तर टक्का शिस्तीत खाली येतो, तीस, पंचवीस, वीस. एखादा सेल रुसलेला असेल तर गाडी अठरापर्यंत ठीक चालते आणि मग काटईच्या नाक्यावर एकदम चार दाखवते. थकलेली चालेल, रुसलेली नको. अशी गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी, दुरुस्ती कोण करणार आणि त्याचं बिल कोण भरणार हे कागदावर आल्याशिवाय हात लावू नये. तसंच या पट्ट्यातल्या बाजारात आता टॅक्सीच्या धंद्यातून बाहेर पडलेल्या गाड्याही येतात; ब्लूस्मार्ट या इलेक्ट्रिक टॅक्सी कंपनीची सेवा एप्रिल २०२५ मध्ये बंद पडल्यावर तसल्या पुष्कळ गाड्या गिऱ्हाईक शोधू लागल्या. त्या दिवसातून दोनदा जलद चार्जरवर जेवलेल्या असतात, त्यांचं पासिंगही व्यावसायिक. भावाचा मोह पडला तरी सबमीटरची रात्र चुकवू नये.

‘आणि बॅटरी गेलीच तर? काही लाखांना फोडणी!’ ही हरकत वाढदिवसाच्या पार्टीतही ऐकू येते. टाटांच्या नेक्सॉनच्या बॅटरीला पहिल्या नोंदणीपासून आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोवर हमी होती. म्हणजे २०२१ ची गाडी आज घेणाऱ्याकडे २०२९ पर्यंत वेळ आहे, फक्त मालक बदलल्यावर ती हमी नावावर नीट चढवून घ्यावी, आणि सर्व्हिसच्या नोंदी मागून घ्याव्यात. हमीच्या पुस्तिकेत बॅटरी अमुक टक्क्यांखाली गेली तर बदलून किंवा दुरुस्त करून देऊ अशी एक रेघ असते, आणि ती रेघ वाचल्यावर माणसाचा स्वभावच बदलतो. काल जो एकेक टक्का उतरताना हळहळत होता तोच आता सातव्या वर्षी ‘आणखी दोन टक्के उतरली असती तर नवी मिळाली असती’ म्हणून उसासे टाकतो आणि मुद्दाम उन्हात पार्किंग शोधतो. बॅटरीला हे कळत नसल्यामुळे ती रेघेच्या बरोबर वर तग धरून बसते. दुसरीकडे नव्या बॅटरीचा भावही खाली येतो आहे : ब्लूमबर्गच्या संशोधन विभागाच्या पाहणीप्रमाणे २०२४ मध्ये जगातली सरासरी एका युनिटमागे ११५ डॉलर होती, त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी ती आठशेच्या घरात होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेल स्वस्त झाल्याचं कारण देऊन टाटांनी नेक्सॉन ईव्हीची किंमत १.२ लाखापर्यंत उतरवली. ११५ डॉलरचा भाव आपल्या गल्लीतल्या माणसाला कुणी देणार नाही हे मान्य, पण जुनी गाडी एवढी का पडली याचं अर्धं कारण त्यात आहे. बॅटरी थकण्याआधी नवी गाडी स्वस्त झाली, आणि दोष आला बॅटरीवर.

सरकारनंही या बाबतीत विनोदबुद्धी दाखवली आहे. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी पाच टक्के. जैसलमेरला २१ डिसेंबर २०२४ रोजी जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि जुन्या गाडीचा व्यापार करणाऱ्याच्या नफ्यावरचा कर बारावरून अठरा झाला, त्यात इलेक्ट्रिक गाड्याही आल्या. घरच्या माणसानं घरच्या माणसाला विकली तर हा कर नाही, म्हणून डीलरकडे न जाता ओळखीतून घेण्याचा आपला जुना मार्ग इथेही बरा. फक्त अलीकडे काही गाड्या बॅटरी भाड्यानं, म्हणजे किलोमीटरमागे पैसे देऊन, घेतलेल्या असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली एमजीची विंडसर अशाच योजनेत ९.९९ लाखांपासून अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये या भावानं आली. तिथे गाडी एकाची आणि बॅटरी दुसऱ्याच्या कर्जात असू शकते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करण्याआधी आपण नक्की काय विकत घेतोय ते विचारून घ्यावं.

शेवटची हरकत तांत्रिक नाही, सामाजिक आहे, म्हणजे अर्थातच हाउसिंग सोसायटी. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं घरी आणि ऑफिसात चार्जिंगची मुभा २०१८ सालीच स्पष्ट केली आहे. पण मंत्रालयाला आपल्या सोसायटीत मत नाही. अर्ज दिला की चार पत्रं येतात. वायर कॉमन पॅसेजमधून का जाणार? मीटर रूमवर लोड येऊन लिफ्ट बंद पडली तर? गाडी पेटली तर वरच्या मजल्यावरच्या तुळशीचं काय? यातला पहिला प्रश्न सोडवण्यासारखा, दुसरा मोजण्यासारखा आहे : घरच्या चार्जरचा लोड ३.३ किलोवॅट, म्हणजे बाथरूममध्ये बसवलेल्या एका इन्स्टंट गिझरएवढाच, आणि सकाळी सात वाजता असे चाळीस गिझर लागतात तेव्हा कमिटी झोपलेली असते. तिसऱ्याला हसू नये. जून २०२२ मध्ये वसईत एक नेक्सॉन ईव्ही पेटली होती, सरकारनं चौकशीही लावली. पण पेट्रोलनं भरलेल्या पन्नास टाक्या ज्या पार्किंगमध्ये झोपतात तिथे आगीची चर्चा फक्त प्लगवरून व्हावी, हे जरा मजेशीर आहे. ज्या जुन्या चारमजली इमारतींना पार्किंगच नाही आणि गाडी गल्लीत दुसऱ्याच्या शटरसमोर उभी राहते, त्यांच्यासाठी मात्र माझा सगळा युक्तिवाद रद्द. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडून गाडी चार्ज करण्याचा विचारही मनात आणू नये. पावसात तर नाहीच. रोज मॉलच्या जलद चार्जरवर भिस्त ठेवायची तर जुनी बॅटरी आणखी लवकर जुनी होईल आणि स्वस्ताईही संपेल. (पावसाचं पाणी मात्र या गाडीला लोक समजतात तेवढं वाईट नाही. बॅटरीची पेटी मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल अशा दर्जाची असते आणि पाणी ओढून बंद पडायला इंजिनच नाही. तरी २६ जुलैचा पूर आठवत असलेल्यांनी तो प्रयोग करू नये.)

आणि समजा, आठ-दहा वर्षांनी ती पासष्ट टक्क्यांवर आली, पुण्याला जाताना कुरकुरू लागली. ३०.२ चे पासष्ट टक्के म्हणजे साडेएकोणीस युनिट. गाडी ओढायला कमी, पण जागेवर बसून दिवे, पंखे आणि पंप चालवायला मुबलक. अशा उतरलेल्या बॅटऱ्यांचा जागच्या जागी साठवणुकीसाठी दुसरा संसार मांडतात, आणि भारताच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत त्यांची पुढची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. एखाद्या मे महिन्यात दुपारी वीज जाईल, पाण्याची टाकी रिकामी असेल, लिफ्टमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये खुद्द सेक्रेटरी अडकलेले असतील, आणि खाली पार्किंगमध्ये साडेएकोणीस युनिट नुसते बसलेले आहेत हे कमिटीच्या लक्षात येईल. मग अर्ज कमिटीनं करायचा. त्यावर गाडीमालकानं चष्मा पुसत विचारायचं की वायर कॉमन पॅसेजमधून नेणार आहात का, आणि या विषयावर सर्वसाधारण सभेचा ठराव झालेला आहे का.